एका वेळी एक मूल : प्रॉव्हिडन्सच्या ‘मेट’ शाळेपासून आपण काय घ्यावे

अभ्यासपाठ – वसतिगृहप्रमुख, शिक्षक आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी



दहावीचा निकाल लागला की आपल्या वसतिगृहांत दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. पास झालेल्याने पुढे कशाला जायचे आणि नापास झालेल्याने घरी जाऊन काय करायचे? मुलांना विचारले तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. यात त्यांची चूक नाही. मोठी माणसे दिवसभर काय करतात याची त्यांनी पाहिलेली चित्रे मोजकीच असतात : घरची भातशेती, दिवाळीनंतरची वीटभट्टी, शाळेतले गुरुजी आणि कधीतरी दवाखान्यातल्या नर्सबाई. जे पाहिलेच नाही ते निवडणार कसे?

या प्रश्नाला धरून मी या अंकासाठी एका शाळेचा अभ्यास मांडते आहे. शाळा अमेरिकेतली आहे, पण श्रीमंतांची नाही. ती सरकारी आहे, तिथे फी नाही आणि तिथे येणारी बरीच मुले अशा घरांतली आहेत की ज्यांत महाविद्यालयाची पायरी आजवर कोणी चढलेले नाही. ती शाळा जे करते ते सगळे आपल्याला जमणार नाही, आणि जमले तरी सगळे करू नये असे माझे मत आहे. काय घ्यावे आणि कशापासून सावध राहावे, हाच या पाठाचा विषय आहे.

१. शाळा कशी सुरू झाली

अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य ऱ्होड आयलंड. त्याची राजधानी प्रॉव्हिडन्स. कापड आणि दागिन्यांच्या कारखान्यांवर वाढलेले आणि ते बंद पडल्यावर खंगलेले हे शहर. तिथे १९९६ साली ‘मेट्रोपॉलिटन रीजनल करिअर अँड टेक्निकल सेंटर’ या लांबलचक नावाची शाळा उघडली. सगळे तिला ‘मेट’ म्हणतात. पहिल्या वर्षी सुमारे ५० मुले होती. ही पहिली तुकडी २००० साली शाळेतून बाहेर पडली.

शाळेची कल्पना डेनिस लिट्की आणि एलियट वॉशर या दोन शिक्षकांची. लिट्की त्याआधी न्यू हॅम्पशायर राज्यातील विंचेस्टर या छोट्या गावच्या थेयर हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. तिथे त्यांनी मुलांना गावातल्या कामांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा गावात दोन तट पडले आणि शाळामंडळाने त्यांना काढून टाकण्याचा निर्णय घेतला. त्यांनी तो लढा दिला आणि ते पुन्हा कामावर रुजू झाले. पुढे १९९५ साली दोघांनी ‘बिग पिक्चर’ ही संस्था काढली आणि पुढच्या वर्षी मेट सुरू झाली. आज त्या पद्धतीच्या शाळा अमेरिकेत अनेक ठिकाणी आहेत. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्येही आहेत.

‘टेक्निकल सेंटर’ हे नाव ऐकून आपल्याला आयटीआय आठवेल. पण लिट्की आणि वॉशर यांनी तिथे लेथ मशीन किंवा वेल्डिंगचे वर्ग भरवले नाहीत. त्यांनी एक साधे सूत्र धरले : एका वेळी एक विद्यार्थी. म्हणजे अभ्यासक्रम आधी ठरवून त्यात मूल बसवायचे नाही. आधी मुलाला ओळखायचे आणि मग त्याच्यापुरता अभ्यास आखायचा.

२. एक शिक्षक, पंधरा-सोळा मुले, चार वर्षे

अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. मेटमध्ये नववीत आलेले मूल पंधरा-सोळा मुलांच्या एका गटात जाते. या गटाला एक सल्लागार शिक्षक असतो आणि शक्यतो तोच शिक्षक चारही वर्षे त्या गटाबरोबर राहतो. तो एका विषयाचा मास्तर नसतो. मुलाचे वाचन कुठे अडते, घरी आजारी कोण आहे, कोणत्या गोष्टीचे नाव काढले की त्याचे डोळे चमकतात, हे सगळे त्याला ठाऊक असावे अशी अपेक्षा असते.

शाळाही मुद्दाम लहान ठेवली आहे. विद्यार्थी वाढले तेव्हा एक मोठी शाळा बांधण्याऐवजी त्यांनी अनेक छोट्या शाळा केल्या. प्रत्येकीत साधारण सव्वाशे-दीडशे मुले आणि प्रत्येकीला स्वतःचा मुख्याध्यापक. कोणतेही मूल गर्दीत हरवू नये हा त्यामागचा हेतू.

आपल्या वसतिगृहात काम करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. मुलाला सलग चार-पाच वर्षे ओळखणारे मोठे माणूस मिळावे म्हणून मेटला सगळी शाळा नव्याने रचावी लागली. आपल्याकडे असे माणूस आधीपासून आहे : वसतिगृहातली ताई किंवा दादा. पाचवीत आलेले मूल दहावीला जाईपर्यंत ते त्याच्याबरोबर असतात. फक्त आपण त्यांच्याकडून हजेरी, जेवण, आजारपण आणि शिस्त एवढीच कामे घेतो.

३. आठवड्यातले दोन दिवस कामावर

मेटमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी बहुतेक मुले शाळेत नसतात. ती कामाच्या जागी असतात. कोणी रुग्णालयात, कोणी वकिलाच्या कार्यालयात, कोणी बेकरीत, कोणी नाट्यगृहात, कोणी सुताराकडे. उरलेले तीन दिवस शाळेत गटाबरोबर वाचन, लेखन, गणित आणि हाती घेतलेल्या प्रकल्पाचे काम.

ही जागा शाळा वाटून देत नाही. मुलाने ती शोधायची असते आणि शोधण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत.

पहिली पायरी, आवड ओळखणे. ‘मला काहीच आवडत नाही’ म्हणणारी मुले तिथेही भरपूर असतात. शिक्षक त्यांच्याशी बोलत राहतो, त्यांना ठिकाणे दाखवतो, माणसांना भेटवतो.

दुसरी पायरी, मुलाखत. मूल स्वतः फोन करून एखाद्या कामकरी माणसाची वेळ घेते आणि त्याला त्याच्या कामाबद्दल प्रश्न विचारते. या वेळी काम मागायचे नसते. फक्त ऐकायचे.

तिसरी पायरी, सावलीचा दिवस. एक पूर्ण दिवस त्या माणसाबरोबर सावलीसारखे राहायचे आणि पाहायचे.

चौथी पायरी, इंटर्नशिप. दोघांनाही जमेल असे वाटले तर मूल तिथे आठवड्याचे दोन दिवस जाऊ लागते, बहुतेक वेळा काही महिने. त्या माणसाला मार्गदर्शक म्हणतात. मार्गदर्शक, सल्लागार शिक्षक, पालक आणि मूल असे चौघे एकत्र बसून शिकण्याचा आराखडा ठरवतात. त्यात एक अट असते : मुलाच्या हातून असे काम व्हावे की ज्याची त्या जागेला खरोखर गरज आहे. झाडू मारणे आणि चहा आणणे हा आराखडा होऊ शकत नाही.

४. परीक्षेच्या जागी सादरीकरण

मेटमध्ये नेहमीसारखे गुण आणि श्रेणी देत नाहीत. वर्षातून अनेकदा प्रत्येक मुलाला आपल्या कामाचे सादरीकरण करावे लागते. समोर शिक्षक, मार्गदर्शक, आईवडील आणि सोबती बसलेले असतात. काय ठरवले होते, काय झाले, काय राहिले, कुठे अडले, पुढे काय करणार, हे मूल उभे राहून सांगते आणि प्रश्नांना उत्तरे देते. त्यानंतर शिक्षक गुणांऐवजी पानभर मजकूर लिहून त्याच्या प्रगतीचे वर्णन करतो. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला सुमारे ७५ पानांचे आत्मचरित्र लिहावे लागते.

मुलाच्या कामाकडे पाच बाजूंनी पाहिले जाते. पुरावा कसा शोधतोस, म्हणजे विज्ञानाची दृष्टी. मोजतोस कसे, म्हणजे गणित. सांगतोस कसे, म्हणजे भाषा. याबद्दल इतर माणसांचे काय म्हणणे आहे, म्हणजे समाज आणि इतिहास. आणि या कामात तू स्वतः काय आणतोस, म्हणजे जबाबदारी, चिकाटी, दुसऱ्याचा मान राखणे.

हे पाच प्रश्न कागदावर लिहून भिंतीला लावावेत, इतके ते आपल्या उपयोगाचे आहेत.

५. एक नमुना : छपरावरचे पाणी

सगळे हवेत राहू नये म्हणून आपल्या भागातला एक नमुना करून पाहू. समजा, नववीतल्या एका मुलीला ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या माणसाबरोबर जायचे आहे. जव्हार-मोखाड्याकडे पावसाळ्यात पाणी धो धो वाहते आणि फेब्रुवारी-मार्चपासून बायकांना हंडे घेऊन उतार उतरावे लागतात. ही गोष्ट तिला कोणी शिकवायला नको. तिचा प्रश्न असा : आपल्या वसतिगृहाच्या छपरावरचे पाणी उन्हाळ्यात पुरेल का?

छप्पर २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे २०० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वर्षाचा पाऊस कमीत कमी २००० मिलिमीटर धरला तर छपरावर ४,००,००० लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन आणि सुरुवातीचे वाहू द्यायचे घाण पाणी मिळून पाचवा हिस्सा वजा केला, तरी ३,२०,००० लिटर उरते.

आता गरज मोजू. मुले ६०. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी प्रत्येकी १५ लिटर धरले तर दिवसाला ९०० लिटर. मार्च, एप्रिल आणि मे मिळून ९२ दिवस, म्हणजे ८२,८०० लिटर. पडणाऱ्या पाण्याच्या जेमतेम चौथ्या भागात उन्हाळा निघतो. मग अडते कुठे? टाकीत. ८२,८०० लिटर साठवायला ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल टाकी लागते. मुलगी म्हणेल, मे महिन्यात तर आम्ही घरी असतो. बरोबर. मग ६१ दिवसांचा हिशेब, ५४,९०० लिटर. टाकीचा खर्च तिसऱ्या हिश्श्याने उतरेल.

हे गणित नववीच्या पुस्तकाबाहेरचे नाही. क्षेत्रफळ, घनफळ, शेकडेवारी, एकके सगळे त्यात आले. पण पुस्तकात ‘एका टाकीची लांबी’ अशी टाकी कोणाचीच नसते. इथे टाकी आपली आहे आणि उत्तर चुकले तर एप्रिलमध्ये पाणी संपेल.

आता पाचही बाजू पाहा. विज्ञान : पहिल्या पावसाचे पाणी का सोडून द्यायचे, क्लोरीन किती टाकायचे. गणित : वरचा हिशेब. भाषा : ग्रामसभेपुढे ठेवायचा अर्ज आणि तिथे उभे राहून बोलणे. समाज : पाणी आणते कोण, त्यात रोज किती तास जातात, विहीर कोणाच्या पाड्याजवळ आहे आणि का. आणि स्वतःचे : मोजमाप अर्धवट न सोडणे, वयाने मोठ्या माणसाला नीट प्रश्न विचारणे. एवढे झाल्यावर ती प्लंबर झाली नाही तरी चालेल. ती अभियंता होईल, ग्रामसेविका होईल किंवा दुसरेच काही. आपला एक आकडा गावाच्या उपयोगी पडतो, हे मात्र ती विसरणार नाही.

६. ‘कामच करायचं होतं, तर शाळेत कशाला?’

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, चला, पुढच्या महिन्यापासून मुलांना कामावर पाठवू. थोडे थांबू या.

दोन वर्षांपूर्वी मी पालकसभेत ही कल्पना मांडली तेव्हा मागच्या रांगेतून एक आई म्हणाली, “ताई, कामच करायचं होतं तर शाळेत कशाला घातलं? भट्टीवर चार पैसे तरी मिळाले असते.” सभेत कोणी हसले नाही. तिचे आयुष्य आगाऊ उचल फेडण्यात गेले आहे. तिच्या लेखी काम म्हणजे लहानपण हिरावून घेणारी गोष्ट आणि शाळा म्हणजे त्यापासूनची सुटका. तिचा प्रश्न या पाठातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रॉव्हिडन्समध्ये तो आपल्याइतक्या तीव्रतेने उभा राहिला नसेल. आपल्याकडे त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आणखी एक धोका आहे आणि तो अधिक गोड बोलून येतो. ‘ही मुले हाताने फार हुशार असतात हो, पुस्तकात त्यांचे डोके चालत नाही.’ आदिवासी मुलांविषयी हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, पुष्कळदा प्रेमाने उच्चारलेले ऐकले आहे. हे कौतुक नव्हे. हा एक दरवाजा बंद झाल्याचा आवाज आहे. कामातून शिकण्याची पद्धत फक्त गरिबांच्या मुलांसाठी ठेवली आणि डॉक्टर-वकिलांची मुले पुस्तकांपाशी राहिली, तर आपण जुनीच उतरंड नव्या नावाने पक्की करू.

आपल्या देशाला याचा अनुभव आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून सर्व विषय शिकवण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. तीच नई तालीम. कल्पना थोर होती. पण अनेक शाळांत टकळी फिरत राहिली आणि टकळीतून गणित, भूगोल, इतिहास उलगडायचा राहून गेला. शहरातल्या पालकांनी ते खेड्यातल्या मुलांचे शिक्षण मानले, आणि खेड्यातल्या पालकांना ते आपल्या मुलांना मागे ठेवण्याचे साधन वाटले. काम शिकवणे आणि कामातून शिकवणे यांतली रेघ पुसली गेली की असे होते.

मेटचे मोल मला नेमके इथे वाटते. त्यांनी ही रेघ पुसू दिली नाही. तिथे बेकरीत जाणारे मूल बेकरीवाला व्हावे म्हणून जात नाही. त्याला आवड वाटली म्हणून जाते. पुढच्या वर्षी ते प्रयोगशाळेत जाऊ शकते. काम त्याच्या जातीवरून, वंशावरून किंवा गुणपत्रिकेवरून ठरत नाही. कामाच्या मागे रोज विचारणारा एक शिक्षक असतो : तू काय शिकलास? हे पैसे न मिळणारे काम शोषण आहे की शिक्षण, हे त्या एका प्रश्नावरून ठरते. तो प्रश्न विचारणारे कोणी नसेल तर मुलाला पाठवू नये.

सुताराच्या घरात वाढलेल्या आणि तिशीपर्यंत हाताने काम केलेल्या प्रभूचे आपण अनुयायी आहोत. श्रमाला कमी लेखण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण मुलाच्या श्रमावर कोणी पोट भरावे, याला तर त्याहूनही नाही.

७. पद्धतीचे कच्चे दुवे

मेटवर टीका झाली आहे आणि तीही समजून घ्यावी. मुख्य आक्षेप गणितावर आहे. आवडीच्या कामातून टक्केवारी आणि भूमिती भेटते. पण बीजगणितासारख्या गोष्टी पायरीपायरीने शिकाव्या लागतात आणि त्या प्रत्येक कामाच्या जागी भेटतीलच असे नाही. म्हणून अशा शाळांना गणिताची वेगळी सोय करावी लागते. वरिष्ठ वर्गांतली अनेक मुले शाळेत असतानाच जवळच्या महाविद्यालयात एखादा विषय घेतात.

दुसरा दुवा शिक्षकाचा. पंधरा-सोळा मुलांची पंधरा-सोळा वेगळी कामे सांभाळणे फार दमवणारे असते. चांगला शिक्षक नसेल तर हीच पद्धत पोकळ होते.

तिसरा दुवा आपल्यापुरता. मेटच्या भोवती एक अख्खे शहर आहे. आपल्या भोवती पाडे आहेत, दिवसातून दोन-तीन वेळा येणारी एसटी आहे आणि दहावीची बोर्डाची परीक्षा आहे. ती परीक्षा आपल्याला टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. आपल्या मुलांसाठी तो दाखला पुढच्या प्रत्येक दारावर मागितला जातो.

८. आपल्या हातात काय आहे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, आणि सहावी ते बारावीपर्यंत सुट्टीतही अशी संधी मिळावी, असे धोरण म्हणते. म्हणजे आपण शाळेच्या विरोधात जात नाही. शाळेला मदत करतो.

महाराष्ट्रात पाहायला जागाही आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे कार्यशाळा, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशा विभागांत तरुण मुले प्रत्यक्ष कामातून विज्ञान शिकतात. त्यातून घडलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक ग्रामीण शाळांत चालतो. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळाही नई तालीमचा वारसा आजच्या काळात चालवते आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा तरी ही ठिकाणे पाहावीत.

वसतिगृहापुरती मी एक छोटी रचना सुचवते. शनिवारी शाळा सकाळची असते. त्या दुपारी आणि दिवाळीच्या सुट्टीतले काही दिवस, एवढाच वेळ घ्यावा. सुरुवात आठवी-नववीच्या पाच-सहा मुलांपासून करावी. पहिले दोन महिने फक्त मुलाखती आणि सावलीचे दिवस. प्राथमिक आरोग्य केंद्र, पशुवैद्यकीय दवाखाना, बँकेची शाखा, वनखात्याची रोपवाटिका, टपाल कार्यालय, एसटी आगार, वारली चित्रकाराचे घर, सौर दिवे दुरुस्त करणारा माणूस, ग्रामपंचायत. आईबापांचे जंगलाचे ज्ञानही या यादीत हवे. रानभाज्या ओळखणाऱ्या आजीची मुलाखत घेणे ही बँकेइतकीच खरी जागा आहे.

आणि पुढील नियम मोडू नयेत.

पहिला : कायदा. बाल व किशोरवयीन कामगार कायदा १९८६ चा आहे आणि २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. आपण मुलांना कामावर ठेवत नाही, पाहायला आणि शिकायला नेतो. हे आपल्या वागण्यातून दिसले पाहिजे. भट्टी, खाण, फटाके, फिरती यंत्रे यांच्या जवळपासही नाही.

दुसरा : एकट्या मुलाला किंवा मुलीला पाठवायचे नाही. दोघे एकत्र जातील. मुली जिथे जातात तिथे एखादी जबाबदार स्त्री असावी. येण्याजाण्याची वेळ लिहून ठेवावी.

तिसरा : पालकांची संमती सभेत समजावून घ्यावी, नुसता अंगठा घेऊ नये. ‘कामच करायचं होतं तर’ हा प्रश्न कोणी विचारला नाही, तर आपण स्वतः तो सभेत मांडावा.

चौथा : जागा मुलाच्या आवडीवरून ठरेल, मालकाच्या गरजेवरून नाही. मुलाच्या येण्याने कोणाची मजुरी वाचत असेल तर ती जागा सोडावी.

पाचवा : दर आठवड्याला अर्धा तास ताई-दादा मुलाबरोबर बसतील आणि ते पाच प्रश्न विचारतील. सत्राच्या शेवटी पालकांसमोर सादरीकरण होईल. मूल आपल्या बोलीत बोलले तर बोलू द्यावे. वारलीत किंवा कातकरीत सांगितलेले गणितही गणितच असते.

यासाठी देणगीदारांकडून फार पैसे लागणार नाहीत. एसटीचे भाडे, वह्या, एखादा मोजपट्टा. लागेल तो आपला वेळ आणि त्या मुलाविषयी खरे कुतूहल. मेटच्या इमारती आपल्याकडे नाहीत. पण एका मुलाला नावाने, घराने, भीतीने आणि आवडीने ओळखायला इमारत लागत नाही. त्या मागच्या रांगेतल्या आईला आपण एवढेच सांगू शकलो पाहिजे : तुमच्या मुलीला आम्ही कामाला लावत नाही. जगात कोणकोणती कामे आहेत ते तिने आधी पाहावे आणि मग स्वतः निवडावे, यासाठी नेतो आहोत.

कार्यकर्ता बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वसतिगृहातील नववीच्या कोणत्याही तीन मुलांची नावे घ्या. प्रत्येकाला काय आवडते हे आपल्याला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर ते कसे कळेल?

२. वसतिगृहापासून पायी किंवा एका एसटीच्या अंतरावर अशा कोणत्या दहा जागा आहेत, जिथे मूल एक दिवस सावलीसारखे राहू शकेल? त्यांतील किती जागा हाताच्या कामाच्या आहेत आणि किती लिहिण्या-मोजण्याच्या? तोल साधला आहे का?

३. ‘हाताने हुशार’ हे शब्द आपण शेवटचे कधी वापरले? ते कोणाविषयी होते? त्या मुलासाठी त्यानंतर कोणता दरवाजा उघडला?

४. वरच्या पाण्याच्या नमुन्यासारखा एक नमुना आपल्या गावातील प्रश्न घेऊन तयार करा. पाचही बाजूंनी प्रत्येकी एक प्रश्न लिहा आणि आधी आपण स्वतः सोडवा.

५. शोषण आणि शिक्षण यांतली रेघ आपल्या भागात कुठे पुसली जाण्याची भीती आहे? ती राखण्याची जबाबदारी आपल्यापैकी कोण घेईल?